उघडा सज्जा

"जाळी कोठें गेली, बालाजीराव?"

राजसबाई गायनशाळेच्या दारातच थबकल्या. ट्रस्टचे बालाजीराव त्यांना हौसेनं डागडुजी दाखवत होते. मैलापुरातली ही गायनशाळा तंजावर दरबारातून मद्रासेत आलेल्या एका मराठी कारभाऱ्यानं अडीचशे वर्षांपूर्वी बांधली. काळ्या दगडाचे एकसंध खांब, पोपट कोरलेल्या सागवानी तुळया, आरशासारख्या घोटलेल्या चुन्याच्या भिंती. वर तिन्ही बाजूंनी बायकांसाठी सज्जा आणि त्याला वेलबुट्टीची लाकडी जाळी. आज तिथं नुसती स्टीलची दांडी होती.

"समुद्राकडच्या हॉटेलवाल्यानं नेली, अक्का. बारच्या मागं लावणार म्हणे. नव्या एसीची हवा अडत होती. आतां पाहा, कसं मोकळं जालं!"

राजसबाई सतरा वर्षांच्या असताना त्यांचा नवरा वारला, तेव्हा वडिलांनी, कीर्तनकार दत्ताजींनी, त्यांना त्या जाळीमागं बसवलं. पुढं काळ बदलला, बाकीच्या बायका खाली येऊन बसू लागल्या. राजसबाईंना मात्र खाली ये असं कुणी म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. एका भोकातून वडिलांचा हात दिसे, दुसऱ्यातून पगडी. कीर्तन करताना अख्खे वडील त्यांनी कधी पाहिलेच नाहीत. पदं तेवढी सगळी पाठ झाली, ओठ मिटून. त्या जाळीचा त्यांना मनस्वी राग होता. मग आता ती गेल्याचं वाईट का वाटतंय, ते त्यांना कळेना.

"मला विचारायचं तरी होतं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तुम्हाला? अय्यो अक्का, तुम्हालाच तर तिचा जाच होता न!"

बालाजीरावांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. राजसबाईंच्या भावाची नात सौम्या, पेरुंगुडीच्या आयटी कंपनीत नोकरी करणारी, आज पहिलंच कीर्तन करणार होती. पण राजसबाईंना पाठीवर शंभर डोळे टोचत होते. नमन सुरू होताच त्या उठल्या, भिंतीला धरत जिना चढल्या आणि आपल्या जुन्या जागी जाऊन टेकल्या.

सीतास्वयंवराचं आख्यान होतं. तमिळ निरूपण सौम्याच्या तोंडून झरझर येत होतं. पणजोबांचं, दत्ताजींचं, मराठी पद आलं आणि ती अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. झांजा थांबल्या. मृदंगवाला तिच्याकडे पाहत राहिला.

"उभी जानकी सज्जामाजि, माळ कांपे करीं..."

आवाज वरून आला, खणखणीत. गाऊन झाल्यावरच राजसबाईंना उमगलं, तो आपला होता. खालची सारी सभा माना वर करून त्यांच्याकडे बघत होती.

"आजी, पुढं?" सौम्यानं माइकवरूनच विचारलं.

राजसबाईंनी तोंडावर पदर ओढायला हात उचलला. क्षणभर तो हवेतच राहिला. मग तो मांडीवर ठेवून त्यांनी पुढची ओळ सांगितली.