अर्धाच झिजलेला फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नव्हे. खडूचा मला कधी स्पर्शही झालेला नाही. सध्या मस्कतच्या अझैबा भागातल्या एका इमारतीखाली, कचऱ्याच्या मोठ्या पेटीला टेकून उभा आहे. गाडी उद्या सकाळी येते. तोवर वेळ आहे, म्हणून सांगून घेतो. मध्ये बोलू नका, माझा स्वभाव अलीकडे जरा तिरसट झालाय.

जन्माने मी फ्रिजचं दार. वसईहून आलेल्या वॉल्टर आणि क्लोटिल्डा डाबरे यांच्या स्वयंपाकघरात मी आठ वर्षं उघडझाप केली. क्लोटिल्डा घरी केक करून द्यायची, त्यामुळे दिवसातून शंभर वेळा माझा कान ओढला जायचा. पोटात क्रीमची पातेली, वरच्या कप्प्यात वसईहून आलेले सुके बोंबील, आणि त्या वासावरून रोजची तक्रार. मला ते सगळं आवडायचं. मग एका जूनमध्ये फ्रिज गरम व्हायला लागला आणि वॉल्टरने आम्हाला वादी कबीर भागातल्या वर्कशॉपमध्ये नेलं.

तिथल्या मधुभाईने मागचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "वॉल्टरभाई, कॉम्प्रेसर खलास. नया ले लो."

"ठीक है. पण दरवाजा निकाल के दे मुझे."

"दरवाजे का क्या करोगे?"

"फुटबॉल खेलूंगा," वॉल्टर म्हणाला, आणि मधुभाईने त्याच्याकडे असं पाहिलं की ऊन लागलंय की काय याला!

ऊन लागलं नव्हतं. वॉल्टरला नुकतीच मस्कतमधल्या एका कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघाचा कोच म्हणून नोकरी मिळाली होती, आणि डावपेच दाखवायला त्याला लोहचुंबकाचा फळा हवा होता. माझी मूठ कापली, पाठीला दोन आकडे जोडले, हिरवा रंग दिला, पांढऱ्या रेषांनी मैदान आखलं. वरच्या टोकाला त्यांचा गोल, खालच्या टोकाला आपला. माझ्या कडेच्या रबरात चुंबकाची पट्टी असते ना, ती क्लोटिल्डाने कात्रीने कापून तिचे बावीस तुकडे केले आणि बाटल्यांच्या झाकणांना चिकटवले. अकरा लाल, अकरा निळी. त्यांची मुलगी ऑड्री तेव्हा तिसरीत होती. तिने आईच्या नेलपॉलिशने लाल झाकणांवर आकडे काढले. नऊचा आकडा वाकडा झाला. क्लोटिल्डा पुसायला गेली तर वॉल्टर म्हणाला, "राहू दे गं. सेंटर फॉरवर्ड थोडा वाकडाच पाहिजे."

कारण तो स्वतः एकेकाळी सेंटर फॉरवर्ड होता. गावोगावच्या चर्चच्या सणांना भरणाऱ्या सामन्यांत त्याने इतके गोल मारले होते की आजही वसईत त्याला लोक 'सेंटर फॉरवर्ड' म्हणूनच हाक मारतात, असं क्लोटिल्डा सांगायची. पहिल्या वर्षी तो माझ्यासमोर उभा राहिला की लाल झाकणं सरसर वर जायची. "यल्ला, यल्ला! चला पुढे! ही इथे, ही तिथे, नऊ नंबर थेट आत!" मुली हसायच्या, टाळ्या वाजवायच्या. मी कुंपणाला टांगलेला असायचो आणि मला वाटायचं, फ्रिज मेला ते बरंच झालं.

त्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा संघ उपांत्य सामन्यात सहा-तीन असा हरला. काय खेळल्या होत्या पोरी! पण दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सुचित्रा मॅडमनी वॉल्टरला बोलावलं. विद्यार्थी विभाग त्यांच्याकडे होता. मी त्याच्या काखेतच होतो.

"वॉल्टर, सहा गोल? पालकांचे फोन येतायत मला. डिफेन्स नावाची काही गोष्ट असते की नाही?"

"मॅडम, तीन मारलेपण..."

"मारलेले कोण मोजतं?"

पुढच्या वर्षी वॉल्टरने तशाच सामन्यात सगळ्यांना मागे ठेवलं. एक-शून्य असे हरलो. वरच्या गोलाकडे आमची एकही मुलगी फिरकली नाही. आणि काय सांगू, मित्रांनो, त्याच सुचित्रा मॅडम स्वतः मैदानात आल्या, वॉल्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वेल फॉट, वॉल्टर. नशीब नव्हतं." वर चहा पाजला. हरणं तेच, पण एकदा ओरडा आणि एकदा चहा. माणूस काय शिकणार?

तो ते शिकला. मला त्याचा राग येतो, पण दोष द्यायला जीभ धजत नाही. तुमच्यापैकी जे इथे वाढलेत त्यांना ठाऊक असेल, इथे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं. नोकरी गेली की घर, शाळा, केकची गिऱ्हाइकं, सगळं महिन्याभरात आवरायचं. अशा माणसाला धाडस कर म्हणून सांगणं सोपं आहे. मी तर नुसता पत्रा, माझं काय जातं.

मग वर्षामागून वर्षं तेच. आमचा गोल झाला रे झाला की वॉल्टरचा तळहात माझ्यावरून खाली घसरायचा आणि अकराच्या अकरा झाकणं आपल्या गोलपुढे गोळा व्हायची. जिंकत आलेले सामने आम्ही शेवटच्या पाच मिनिटांत घालवले. एकदा नव्हे, चार वेळा. दरवेळी चहा. माझा खालचा अर्धा भाग घासून घासून पांढरा पडला, आतला पत्रा दिसायला लागला. वरचा भाग मात्र रंगवला तसाच होता. ऑड्री एकदा म्हणाली, "डॅडी, युअर बोर्ड लुक्स हाफ ब्रँड न्यू." वॉल्टर हसला नाही.

या वर्षी गोष्टी बिनसल्या. कॉलेजने नवीन इमारत काढली आणि पार्किंगला जागा हवी होती. मैदानावर सगळ्यांचा डोळा. सुचित्रा मॅडमनी जानेवारीत वॉल्टरला स्पष्टच सांगितलं, "कप आला तर मी भांडू शकते. नाही आला तर संघ बंद, आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्या हातात राहणार नाही." त्या रात्री घरी कोणी जेवलं नाही म्हणे. ऑड्री नववीत होती. दहावीच्या तोंडावर तिला उचलून कुठे नेऊन टाकायचं, हाच प्रश्न.

पण संघ या वेळी खरंच चांगला होता, हो! नऊ नंबरला देविका. पुण्याच्या घरातली, पण जन्म इथला, मराठी बोलताना शब्दाशब्दाला ठेच लागायची. पायात चेंडू आला की मात्र कुठेच अडखळायची नाही. गोलकीपर आणि कप्तान सिदरा, हैदराबादची, तिचा आवाज पार्किंगपर्यंत जायचा. फेब्रुवारीतल्या शुक्रवारी दुपारी अंतिम सामना झाला. हवा छान होती. क्लोटिल्डा आणि ऑड्री पायऱ्यांवर बसल्या होत्या, आणि मी नेहमीसारखा कुंपणाला.

विसाव्या मिनिटाला देविकाने गोल केला. दोघींना चुकवून, डाव्या पायाने. क्लोटिल्डा इतकी ओरडली की शेजारची बाई दचकली.

मध्यंतरात सगळ्या माझ्याभोवती जमल्या. वॉल्टरने झाकणं खाली ओढायला सुरुवात केली. आठ, सात, अकरा. मग नऊवर बोट ठेवलं.

"सर, प्लीज," देविका म्हणाली. "ती त्यांची लेफ्ट बॅक आहे ना, ती पळू नाही शकत आता. पाय दुखते तिचा. आय कॅन बीट हर. मला फ्रंटला ठेवा ना." आणि तिने स्वतः नऊचं झाकण उचलून वर लावलं, अगदी त्यांच्या गोलपुढे. कितीतरी वर्षांनी त्या जागेला कुणाचं बोट लागलं होतं. मला शहारा आला, खरंच सांगतो.

वॉल्टरने झाकणाकडे पाहिलं. दोन क्षण मला वाटलं, जुना वॉल्टर परत येतोय. पण त्याची नजर पायऱ्यांकडे गेली, ऑड्रीकडे, आणि त्याने नऊ नंबर खाली आणला.

"एक गोल आहे ना? बस झाला. आता फक्त सांभाळायचं. इन्शाल्ला, पंचेचाळीस मिनिटं."

"सर, सब पीछे आ जाएंगे तो बॉल बाहर कौन निकालेगा?" सिदराने विचारलं.

"तू पकड. बाकी मैं देखता हूँ."

त्याने काय पाहिलं ते मीही पाहिलं. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू आमच्या गोलसमोरून हललाच नाही. पोरी नुसत्या लाथाडून बाहेर काढत होत्या आणि तो परत येत होता. सिदराने सहा वेळा वाचवलं. ती लंगडणारी लेफ्ट बॅक मैदानाच्या मध्यावर आरामात उभी होती, तिच्या अंगावर जायला कोणी नव्हतंच. सत्तराव्या मिनिटाला वॉल्टरने देविकाला बाहेर बोलावलं आणि आणखी एक बचावपटू आत पाठवली. नऊचं झाकण काढून त्याने ट्रॅकपँटच्या खिशात टाकलं.

ब्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी झाली. आता गोल हवा होता, आणि गोल करणारी बाकावर बसली होती. त्या स्पर्धेच्या नियमात बाहेर आलेली खेळाडू परत आत जात नाही. वॉल्टरचा हात माझ्यावर आला आणि तसाच राहिला. कुणाला वर सरकवणार? एकोणनव्वदाव्या मिनिटाला दुसरा गोल खाल्ला, तोही सिदराच्या पायांमधून. दोन-एक.

शिट्टी झाल्यावर सुचित्रा मॅडम आल्या. मला वाटलं आता तरी ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वॉल्टरच्या खांद्यावर हात ठेवला. "वेल फॉट, वॉल्टर."

खरं काय ते एकटी देविका बोलली. तिने बुटांच्या नाड्या सोडल्या, बॅग उचलली आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"सर, मी दमली नव्हती."

बस, एवढंच. तिचं शेवटचं वर्ष होतं.

रविवारी कॉलेजचं पत्र आलं. मार्चमध्ये मैदानावर डांबर पडलं. वॉल्टरने इकडेतिकडे खूप विचारून पाहिलं, अगदी दूर दक्षिणेतल्या सलालाह शहरातल्या एका शाळेपर्यंत, पण जागा नव्हती. क्लोटिल्डाने केकचे साचे कुणाकुणाला देऊन टाकले. ऑड्री पंधरा दिवस बापाशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "डॅडी, यू हॅड हर. यू हॅड देविका." मग खोलीचं दार लावून घेतलं.

आज त्यांचं सामान गेलं. सकाळी क्लोटिल्डाला ट्रॅकपँटच्या खिशात नऊचं झाकण सापडलं. चारेक वेळा धुण्यात जाऊनही नेलपॉलिश टिकलं होतं. तिने ते हातात फिरवलं आणि माझ्यावर लावलं. वर, कोऱ्या भागावर, त्यांच्या गोलच्या तोंडाशी. मग डोळे पुसत केरसुणी घेऊन आत गेली. बाकीची झाकणं केव्हाच केराबरोबर गेली होती.

दुपारी वॉल्टरने मला लिफ्टने खाली आणलं आणि इथे टेकवलं. मागे सरून बघत उभा राहिला. त्याचं लक्ष नऊवर गेलं. त्याने हात पुढे केला. मला वाटलं, खिशात घालून नेईल, आठवण म्हणून. त्याने ते झाकण अलगद खाली घसरवलं, आपल्या गोलपुढच्या झिजलेल्या जागेत.

"वर नको," तो स्वतःशीच पुटपुटला. "वारा आला तर पडेल." आणि विमानतळाच्या टॅक्सीकडे निघून गेला. आपण काय केलं ते त्याला कळलंसुद्धा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी तुम्हाला नेहमी सांगितलं असेल, आम्हाला जपा म्हणून. मी नाही सांगणार. माझा वरचा अर्धा भाग बघा, सात वर्षं जपलाय. एक ओरखडा नाही, आणि उद्या तो खालच्या भागाबरोबरच कचऱ्यात जाणार आहे. माझी एवढीच विनंती आहे. गाडी यायच्या आधी तुमच्यापैकी कुणी इकडून गेलंच, तर तेवढा नऊ नंबर वर सरकवा. चुंबक आता अशक्त झालंय, कदाचित पडेल. पडलं तर पडू द्या.