मला भंगार म्हणणारा घनश्याम

मी एक जुनी बेअरिंग आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात, असं मी ऐकलं आहे. फाटकी छत्री माफ करते, मोडकी खुर्ची माफ करते. मी त्यांतली नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी कसा उगवला, तेच तुम्हाला सांगणार आहे.

आधी माझं कूळ सांगते. माझा जन्म भट्टीतला. लाल होईपर्यंत मला तापवलं, तेलात बुडवलं, मग घासून चकचकीत केलं. माझ्या आतल्या कडीभोवती निमुळते रोलर ओळीने बसवले आणि त्यांच्यावर बाहेरची कडी चढवली. हे निमुळतेपण साधंसुधं समजू नका. चाकावर वरून येणारं वजन मी पेलतेच, पण चाक वळताना बाजूने येणारा रेटाही पेलते. गोल छर्ऱ्यांच्या बेअरिंगला तो रेटा फार काळ सोसत नाही.

२०१४ साली मी एका छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या उजव्या चाकात बसून लाखनीजवळच्या एका गावात आले. मालकीण शकुनबाई. नवरा गेल्यावर चार एकर धान तिने एकटीने सांभाळलं होतं. तिच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, इतके लहान की मोठा ट्रॅक्टर त्यांत वळायचा नाही. म्हणून तिने हा छोटा घेतला आणि सुरुवातीची काही वर्षं स्वतः चालवला.

त्या वर्षांत माझी चैन होती. लाखनीच्या रस्त्यावर इतवारी मिस्त्रीचं दुकान होतं. दर वर्षी चिखलणीच्या, म्हणजे लावणीसाठी बांध्यांत चिखल करण्याच्या, आधी तो पुढचा ॲक्सल उघडायचा, मला धुवायचा आणि तळहातावर ग्रीस घेऊन माझ्या रोलरांमध्ये दाबून भरायचा. मग चाक उचलून फिरवायचा, पेचकसाचं टोक हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, लावायचा आणि मूठ कानाशी धरायचा.

"बोलत नाई. बरी हाये," एवढंच म्हणायचा. बेअरिंगचं कौतुक याहून मोठं नसतं, आणि मला तेवढं पुरत असे.

पुढे शकुनबाईचे गुडघे धरले आणि सीटवर घनश्याम आला. तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. त्याच्या आज्याने औत सुटलं की बैल बोडीत नेले, बापाने नेले, म्हणून हा पठ्ठ्या चिखलणी संपली की ट्रॅक्टर थेट गावच्या बोडीत घालायचा. त्या लहानशा तळ्यात हबपर्यंत पाणी चढायचं आणि हा वर बसून गाणी म्हणायचा. शेजारच्या धुरपता काकूंपासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळे म्हणत, पोराने ट्रॅक्टर कसा आरशासारखा ठेवला आहे!

मित्रांनो, दिवसभर फिरून हब तापलेला असतो. तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या, म्हणजे हबच्या रबरी कड्याच्या, फटीतून पाणी आत ओढलं जातं. बैल पाण्यात सुखावतो. मी गंजले. माझं ग्रीस ताकासारखं पांढरं झालं आणि एका पावसाळ्यात मी गुरगुरू लागले. तक्रार करायला माझ्याकडे तेवढाच आवाज होता.

घनश्यामने चाक इतवारीकडे नेलं. दुकानात चहाला चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "बेरिंगच भंगार हाये, बाबा. कंपनीनं उल्लू बनवलं आपल्याले."

"बेरिंग नाई बिघडली," इतवारी म्हणाला. "तू बुडवली. अशीच निमुळत्या रोलरची दुसरी आन, सील बदलव, अन् गरम चाक पान्यात घालू नको."

चार माणसं हसली. घनश्यामचे कान लाल झाले. माझंही पोलाद तापलं. सहा वर्षं मी त्या घराच्या धानाचं ओझं वाहिलं, आणि मी भंगार? त्या क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

घाव कुठे घालायचा तेही मला ठाऊक होतं. शकुनबाईने धानाच्या लावणीबद्दल त्याला सांगून ठेवलं होतं, "यंदाचा रोवना टायमावर केला तं किल्ली तुही. नाई झाला, तं ट्रॅक्टर इकून टाकीन." घनश्यामचा सगळा जीव त्या किल्लीत होता. ती त्याला मिळू नये, एवढीच माझी इच्छा उरली.

इतवारीचं ऐकेल तो घनश्याम कसला! तो दुसऱ्या दुकानात गेला आणि छर्ऱ्यांची बेअरिंग घेऊन आला. दोन्ही बाजूंना रबराची झाकणं होती, त्यावर तो भुलला. "भोक तेच, घेर तोच. अन् पान्याचा बापबी आत जात नाई," असं शकुनबाईला ऐटीत सांगून त्याने मला छिन्नीने बाहेर काढलं. नवी जरा अरुंद होती, तर तिच्यामागे एक वॉशर घातला. आणि ऐका, माझीच बाहेरची कडी तिच्यावर ठेवून, त्या कडीवर हातोडा हाणून त्याने तिला आत ठोकली! माझ्या काठाला खाचा पडल्या. मग मला सीटखालच्या अवजारांच्या पेटीत फेकून दिलं.

पेटीत पडून मी वाट पाहत राहिले. फार पाहावी लागली नाही. चिखलणीच्या दुसऱ्या दिवशी, धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, करकचून वळताना, खडखड आवाज झाला आणि उजवं चाक तिरकं होऊन चिखलात बसलं. काय सांगू मला किती बरं वाटलं! पेटीत पाने आणि स्क्रू नसते तर मी नाचले असते.

धुऱ्यावर रोवणीच्या अठरा बायका उभ्या होत्या. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंड्या सकाळीच उपटून झाल्या होत्या. त्यांची मुकादम बायाबाई म्हणाली, "उद्या आमी दुसऱ्या गावाले जाऊन राहिलो. आज चिखल झाला तं रोवू. नाई तं आठ रोज धरून चाला."

आठ दिवस! पऱ्हे म्हातारे झाले असते. शकुनबाईने इतवारीला फोन लावला.

इतवारी आला, जॅकखाली फळी टाकून चाक उचललं आणि हब उघडला. छर्रे टपटप चिखलात पडले.

"हे कोनं बसवली?"

"मीच," घनश्याम पुटपुटला.

"वळनावर बाजूचा रेटा कोन घेईन? तुहा आजा? बराबरची बेरिंग भंडाऱ्यावरून आनाव लागते. ते उद्या. जुनी कुटं हाये?"

"ते भंगार?"

दुसऱ्यांदा! इतवारीने मला पेटीतून काढून डिझेलमध्ये धुतलं, गंज पुसला, खाचा कानशीने घासल्या आणि तळहातावर ग्रीस घेतलं. नवं सील लावून मला जागेवर बसवलं. "आजचा रोज निंगन. हळू चालव," तो म्हणाला.

मित्रांनो, आता घनश्यामची किल्ली माझ्या हातात होती. एकदा अडकले की रोवणी बुडाली, ट्रॅक्टर विकला, खेळ खलास. पहिल्या वळणाला मी तयारही झाले. पण मग डोक्यात आलं, मी तुटले तर हा काय म्हणेल? "पाहा, भंगारच होती." हे मला सोसलं नसतं. मी रोलर घट्ट आवळले आणि फिरत राहिले. गंजाचे खड्डे टोचत होते. हूं की चूं केलं नाही. धुऱ्यामागून धुरा गेला, मागे बायका वाकून रोवत आल्या, आणि घनश्याम मान खाली घालून चाकाकडे कान लावून बसला होता. गुरगुर ऐकू येत नव्हती, तेच त्याला खात होतं.

शेवटची बांधी झाली तेव्हा बायाबाईने चिखलाचे हात कमरेवर ठेवून विचारलं, "काहून रे बाबू, कोनतं भंगार होतं?"

अठरा बायका ऐकत होत्या. घनश्यामने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मीच होतो."

मी जिंकले होते! पण दुसऱ्या दिवशी नवी रोलरची बेअरिंग बसली आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. रोवणी वेळेवर झाली होती. माझ्यामुळे. शकुनबाई किल्ली घेऊन अंगणात आली.

"शब्द देल्ला तं देल्ला," ती म्हणाली. मी जळून खाक झाले. इतक्यात तिने मला उचललं, माझ्या भोकातून जाड तार ओवली आणि किल्ली मला पक्की बांधून टाकली.

"मोठी माय, हे काहून?" घनश्यामने विचारलं. "खिशात मावत नाई."

"मावव. हे सोडशीन त्या रोजी किल्ली वापस."

तेव्हापासून मी त्याच्या खिशात आहे. मित्रांनो, तुमच्या घरी ट्रॅक्टर असो की सायकल, वंगण वेळेवर द्या, तापलेलं चाक गार झाल्याशिवाय पाण्यात घालू नका, आणि दुखणं सांगणाऱ्याला भंगार म्हणू नका. मी माफ करायला अजून शिकलेले नाही. घनश्याम चालतो तेव्हा मी प्रत्येक पावलाला त्याच्या मांडीवर आपटते. उजवी मांडी काळीनिळी झाली, म्हणून काल त्याने मला डाव्या खिशात घातलं. डावी मांडीही त्याचीच आहे.