फळ्यावर ट्रूडीचं नाव

“हा काय फाजीलपणा?” मुकादम एल्रॉय फळ्यापुढे उभा राहून ओरडला.

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गोठ्यात नुकत्याच व्यालेल्या गायींची नावं फळ्यावर खडूनं लिहितात, म्हणजे त्यांची धार कुणाकडून चुकत नाही. पर्ल, मेबल, क्लोव्हर. त्याखाली ट्रूडीनं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

ट्रूडी माझ्याबरोबर धारा काढायची. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं आणि शहरातल्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं. त्याला अंगावर ओढता येत नव्हतं. ती पंपानं दूध काढून बाटलीतून पाठवायची. नोकरी सोडावी तर नोकरीबरोबरचा विमाही जाणार, मग हॉस्पिटलच्या बिलाचं काय?

“ऐन धारेच्या वेळी पंप घेऊन बसतेस. घरी जाऊन काढ की,” एल्रॉय म्हणाला.

“गायीची धार जरा लांबली तर तू गोठा डोक्यावर घेतोस. माझं दूध आटलेलं चालेल?”

“तू काय गाय आहेस?”

“असते तर तूच बादली घेऊन धावला असतास!”

मला हसू फुटलं.

“नर्सनं शब्द सांगितलाय मला,” ट्रूडी म्हणाली. “गॅलॅक्टोपोएसिस. मुळात ग्रीक. गाला म्हणजे दूध, पोएसिस म्हणजे घडवणं. आलेलं दूध टिकवून ठेवणं. काढत राहिलं तरच ते येत राहतं.”

“असले शब्द हॉस्पिटलात ठेव.”

“का? तू जन्मभर तेच तर करत आलायस.”

एल्रॉयनं बाहीनं तिचं नाव पुसलं. तिनं पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा पुसलं. माझं डोकंच फिरलं. मी खडू उचलला आणि पर्लच्याही वर, ठळक अक्षरांत लिहिलं: ट्रूडी.

“तूसुद्धा?” एल्रॉय म्हणाला.

“हो, मीसुद्धा. काढ दोघींना कामावरून, आणि पिळ सगळ्या गायी एकट्यानं.”

ट्रूडी तोवर बादली उपडी घालून भिंतीकडे तोंड करून बसलीही होती. तिचा पंप सुरू झाला. रांगेत मेबल हंबरायला लागली. एल्रॉय खडूनं पांढरी झालेली बाही वर सारून मेबलला मशीन लावायला वाकला.

बाटलीत दोन बोटं दूध जमलं. ट्रूडीनं झाकण घट्ट लावून ती वासरांच्या चिकाशेजारी फ्रिजमध्ये ठेवली. मग माझ्या हातातला खडू घेतला आणि आपल्या नावापुढे पुढच्या धारेची वेळ लिहिली.