डाव्या टायरची खरखर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. सध्या माझा मुक्काम बेंगळुरूच्या के. आर. पुरममधल्या एका अंगणात आहे आणि माझ्या पोटात माती भरून कढीपत्ता लावला आहे. रोप जोमात आहे. मला मात्र गाडीखालचे दिवस आठवतात, कारण नुसतं पडून राहणं टायरच्या स्वभावात नाही.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, काजळी आणि तारा एकत्र तापवल्या तेव्हा मला हा गोल आकार आला. मग सुप्रीताच्या निळ्या गाडीला पुढच्या डाव्या बाजूला मला बसवलं. बेंगळुरूचे खड्डे आणि पाइपसाठी खणलेले रस्ते मी निमूट सोसले. 'टायर दणकट आहे हं!' असं कुणी म्हटलं, की मी होतो त्याहून जास्त फुगायचो.

गाडीच्या स्प्रिंगा मात्र थकल्या होत्या. प्रत्येक गतिरोधकावर गाडी धाडकन आपटायची. त्याच सुमारास सुप्रीताच्या आईचं, पद्मावतीबाईंचं, मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदाच त्या गाडीत बसल्या आणि गल्लीच्या तोंडाशीच रडकुंडीला येऊन परतल्या. तिकडे होसूरला त्यांचे थोरले भाऊ श्रीरंग अंथरुणाला खिळले होते. "एकदा येऊन जा गं," असं ते फोनवर म्हणायचे आणि पद्मावतीबाई डोळे पुसायच्या. ते पाहून सुप्रीता हट्टाला पेटली. आईला मामाकडे न्यायचंच, आणि तेही धक्का न लागता, असं तिनं ठरवलं.

गाडीचे मूळ भाग आता मिळत नव्हते. म्हणून तिनं यशवंतपूरच्या गॅरेजात दुसऱ्या बनावटीच्या स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर बसवून घेतले. गॅरेजवाल्या रविकिरणनं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवलं. मी कुठेही लागत नव्हतो.

"अक्का, माणसं बसवून एक चक्कर मारू," तो म्हणाला. "भार पडला की टायर वर घासतो का, ते तेव्हाच कळतं."

पण सोबत सुप्रीताचे वडील विश्वेश्वरअण्णा होते. त्यांच्या घरची रीत अशी, की गाडीत नवं काही बसवलं तर पूजा होईपर्यंत चालवणाऱ्याशिवाय कुणी आत बसायचं नाही. अण्णा इतके पक्के, की ते स्वतः मेट्रोनं घरी गेले. गाडी रिकामीच परतली आणि ती तपासणी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. माझ्या अंगावर हळदीचे जाड पट्टे ओढले, पुढे लिंबं ठेवली. पद्मावतीबाई रेशमी साडी नेसून तयार होत्या. सुप्रीता मात्र किल्ली घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"आधी भार टाकून बघायचं. मग होसूर."

"मुहूर्त टळतोय गं!" अण्णा चिडले. "पूजा झाली की. आता कसली शंका?"

"पूजा तुम्ही केलीत ना अण्णा? सरी, ठीक आहे. आता तपासणी मला करू द्या."

आईच्या जागी तिनं तांदळाचं पोतं ठेवलं. शेजारची पवित्रा आणि तिचा नवरा उपेंद्र मागे बसले. अण्णा धुसफुसत पुढे बसले. वळणावरच्या गतिरोधकावर गाडी दबली, मी वर ढकलला गेलो आणि चाकावरच्या कमानीला घासलो. खर्र! मी जीव तोडून ओरडलो, पण अण्णांचं मुहूर्तावरचं व्याख्यान माझ्याहून मोठ्या आवाजात चालू होतं.

सुप्रीतानं गाडी पुन्हा त्याच गतिरोधकावर आणली. "अण्णा, स्वल्प गप्प बसा!"

आजवर त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. ते खरंच गप्प बसले, आणि माझी खरखर सगळ्यांना ऐकू आली.

सुप्रीतानं गुडघे टेकून मोबाईलचा उजेड आत टाकला. माझ्या कडेवरची हळद कमानीच्या अस्तराला फासली गेली होती आणि माझी कड वरवर सोलवटली होती. तसाच घासत होसूरला निघालो असतो, तर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर भर वेगात फुटलो असतो. आणि तेव्हा आत पोतं नसतं, पद्मावतीबाई असत्या.

अण्णांनी अस्तरावरच्या हळदीला बोट लावलं. "चल यशवंतपूरला," ते हळूच म्हणाले. "मीही गाडीतच बसतो."

"स्प्रिंगा स्वल्प आखूड पडल्या, अक्का. माझं चुकलं," रविकिरण म्हणाला. त्यानं योग्य उंचीच्या स्प्रिंगा बसवल्या. मग पोत्यासकट सगळे पुन्हा बसले. मी कुठेच लागलो नाही, तरी अण्णा म्हणत होते, "अजून एकदा फिरव."

दुपारी आम्ही होसूरला निघालो. पद्मावतीबाईंनी आधी दारावरची मूठ घट्ट धरली होती. उड्डाणपूल संपेपर्यंत त्यांचा हात मांडीवर आला होता. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. श्रीरंगमामांनी बहिणीला दारात पाहिलं आणि ते लहान मुलासारखे रडले. निघताना पद्मावतीबाई आपल्या आपण गाडीत बसल्या.

"सुप्रीते," त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पुन्हा आणशील ना?"

त्यानंतर कितीतरी रविवार मी होसूरला गेलो. झिजलो तेव्हा मला काढून अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागे टाकलं, आणि मग हा कढीपत्ता आला. मित्रांनो, गाडीला नवं काही लावलंत, तर आपली सगळी माणसं बसवण्याआधी तेवढंच ओझं घालून तिला फिरवा, चाकांच्या वर डोकावून बघा. आणि फिरवताना थोडा वेळ गप्प बसा. आम्हाला बोलता येत नाही, नुसतं खरखरता येतं.