दुसऱ्याच्या नावचं पाणी

"एवढंच म्हणायचं," बापूसाहेब वकिलांनी चहाची बशी खाली ठेवली. "सोपान माझा गडी होता. रोजानं कामाला यायचा. कूळ नव्हता. तीन वाक्यं झाली की गप्प बसायचं. चौथं वाक्य माणसाला बुडवतं."

जोतीरामनं मान हलवली. इंदापूरच्या कचेरीसमोरच्या हॉटेलात तो बाकाच्या अगदी कडेला बसला होता. बाहेर लिंबाखाली त्याची बायको प्रयागबाई भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. आज चार एकर रानाचा निकाल होता, आणि त्या चार एकरांपलीकडे या दोघांच्या म्हातारपणाला कसलाही आधार नव्हता. एक मुलगी होती, ती दिल्या घरी.

"त्या पिशवीत काय आहे?" वकिलांनी विचारलं.

"वही हाय. माझी सवताची, पाण्याच्या पाळीची."

वकिलांनी वही काढली, चार पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही कशाला आणलीत?"

"साहेबांनी इचारलं तर असू द्या म्हटलं."

"जोतीराम, गळफासाची दोरी कुणी घरून घेऊन येतं का?" त्यांनी वही मिटली. "ही आत आणू नका. कचेरीत या वहीची कुणाला खबरही नाही."

जोतीराम तीस वर्षं नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होता. निमगाव केतकीकडच्या एका फाट्यावर कुणाच्या रानात कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, किती वेळ सोडायचं आणि कधी तोडायचं, हे त्याच्या हातात. उन्हाळ्यात तासभर जास्त पाण्यासाठी लोक जोंधळ्याचं पोतं दारात आणून टाकत. बाकीच्या पाटकऱ्यांनी तेवढ्यावर माड्या चढवल्या. हा मात्र पोतं ज्याचं त्याच्या दारात नेऊन पोचवायचा. पाण्यात राहून कोरडा राहिलेला माणूस, असं लोक म्हणत. त्यात कौतुक किती आणि कीव किती, ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक.

त्याची नोकरी पेन्शनची नव्हती. सुटला की सुटला. म्हणून ज्या वयात माणसं नव्या फेट्याचा विचार करतात त्या वयात यानं म्हातारपणाचा विचार केला. पोस्टमास्तर म्हणाले होते, "सर्टिफिकेटं घे. बारा वर्षांनी दीडपट पैसे उचल." त्यावर जोतीराम म्हणाला होता, "कागदाला कणसं येत न्हाईत, मास्तर." हे उत्तर त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढं कित्येक वर्षं तो ते चारचौघांत सांगत असे. साठवलेले पैसे आणि प्रयागबाईच्या पाटल्या विकून १९४४ साली त्यानं फाट्यालगतचं रान घेतलं.

नोकरीपायी रान स्वतः करणं जमणार नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या सोपानला त्यानं ते निम्म्या वाट्यानं करायला दिलं. सोपान त्याला तात्या म्हणायचा. दोन्ही घरची माणसं एका पंगतीला जेवली, पोळीवर तूप पडलं आणि तोंडी बोली झाली: तात्या नोकरीतनं सुटले की रान तात्यांच्या ताब्यात. कागद झाला नाही. पंगतीला बसलेल्या माणसांत कागद कसला करायचा?

तलाठ्यानं तर शेतात पाऊल न टाकताच दप्तरात रान कसणारा म्हणून 'खुद्द' लिहून टाकलं होतं. पाण्याची गोष्ट वेगळी होती. पाटकऱ्यानं आपल्याच हद्दीत आपल्या नावावर पाणी घ्यायचं नाही, असा कालव्याच्या साहेबांचा तोंडी हुकूम होता. दुसरा एखादा मेव्हण्याचं नाव लावून मोकळा झाला असता. जोतीरामनं खरं होतं तेच लिहिलं. दर पाळीला, कसणाऱ्याच्या रकान्यात, आपल्या वळणदार अक्षरात: जमीन वाहणार, सोपान. पुढं सोपानचा अंगठा. चौदा वर्षं.

मग कुळांचा कायदा आला. सत्तावन्नच्या एक एप्रिलला जो जमीन कसत असेल तो तिचा मालक. ज्याला स्वतः कसायची आहे त्यानं छप्पन्न साल संपायच्या आत कुळाला नोटीस द्यावी. बापूसाहेबांनी तेव्हाच बोलावून सांगितलं होतं.

"एका पंगतीत जेवलेल्या माणसाला नोटीस धाडू?" जोतीराम म्हणाला होता. "उद्या त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ? बोली झालीया आमची."

साल संपलं. पुढच्या वर्षी नोकरीही संपली. पाडव्याला तो सोपानकडे गेला, तर सोपान म्हणाला, "तात्या, औंदा कांदा उभा हाय. निघू द्या." कांदा निघाला, बाजरी पेरली गेली. पुन्हा विचारलं तेव्हा सोपान जमिनीकडे बघत म्हणाला, "कचेरीतनं कागद येणार हाय म्हनं. काय म्हनत्यात बघू." कागद दोघांनाही आला.

हॉटेलातून बाहेर पडल्यावर प्रयागबाईनं हात पुढं केला. तिनं सगळं ऐकलं होतं. "ती वही द्या हिकडं." जोतीरामनं दिली. तिनं ती फडक्याखाली मांडीवर घेतली आणि वर पदर ओढला. "तीन वाक्यं म्हना," ती म्हणाली. "उभ्या जन्मात तुमच्याकडं काय मागितलं न्हाई मी."

कचेरीत पंख्याखाली कुळकायद्याचे साहेब बसले होते. वयानं तरुण, बोलण्याला सौम्य. सोपान भिंतीला पाठ लावून उभा होता, फेटा नवा, पाय उघडे. साहेबांनी दप्तर बघितलं. "यात तर खुद्द लिहिलंय. सोपान, तू कूळ होतास याचा पुरावा काय? पावती? करार?"

"न्हाई जी. अर्धं पीक तात्यांच्या घरी टाकत हुतो. त्याची कसली पावती?"

"मग मी कशावरून धरू?"

सोपाननं जोतीरामकडे बघितलं. त्याच्या नजरेत भीती होती, पण शंका नव्हती, आणि तेच जोतीरामला सहन होईना. "तात्यांच्या वहीत माझं नाव हाय, साहेब. दर पाळीला अंगठा दिलाय म्या. मला वाचता येत न्हाई. पर तात्या खोटं लिव्हायचं न्हाईत."

साहेब वळले. "अशी वही आहे का?"

बापूसाहेब टेबलावरच्या दौतीकडे बघत राहिले. जोतीरामला तीन वाक्यं तोंडपाठ होती. त्याला प्रयागबाईचा चेहरा आठवत होता. बिनपाण्याच्या उन्हाळ्यात शिव्या देत आलेली, मग वहीत क्रम बघून गुमान परत गेलेली माणसंही आठवत होती. तीस वर्षांत त्यानं कमावलेलं म्हणाल तर तेवढंच होतं. शिवाय मनाच्या तळाशी एक आशा होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही: आपण खरं बोललो तर सोपानही बोलीला जागेल. पंगतीला तोही होता.

"हाय," तो म्हणाला. "आणतो."

लिंबाखाली प्रयागबाईनं त्याला येताना बघितलं आणि ती ओळखून चुकली. तिनं पदर बाजूला केला, वही त्याच्या हातात दिली. "न्या," ती म्हणाली. "घाला त्याच्या घशात." आणि तिनं तोंड फिरवलं.

साहेबांनी बरीच पानं चाळली. "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"जमीन वाहणार सोपान, हे खरं आहे?"

"खरं हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. मग ते सोपानला म्हणाले, "तू कूळ ठरलास. आता नीट ऐक. जमीन विकत घ्यायची सक्ती नाही. तू नको म्हणालास तर नको. यांच्याशी तुझी काही बोली असेल, तर तो तुमचा प्रश्न. घेणार आहेस का?"

सोपाननं फेटा काढून हातात घेतला. जोतीराम त्याच्याकडे टक लावून बघत होता. हो म्हणू नकोस, एवढंच तो मनात म्हणत होता. सगळ्या म्हातारपणाचा हिशेब त्या एका शब्दावर येऊन थांबला होता.

"तात्या," सोपान म्हणाला, "मला तीन पोरं हायत."

"व्हय. हायत की," जोतीराम म्हणाला.

"घेतो, साहेब."

किंमत आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत ठरली. सोळाशे रुपये, दहा वर्षांच्या हप्त्यांनी. बाहेर आल्यावर बापूसाहेबांनी फी घेतली नाही. "कायदा वाईट नाही हो," ते म्हणाले. "मोठ्या जमीनदारांनी आधीच आपापली सोय लावून घेतली. सापडतो तो तुमच्यासारखा." जोतीरामला सोपानचा राग यायला हवा होता. पण चौदा वर्षं त्या रानातले दगड कुणी वेचले ते त्यानं स्वतः बघितलं होतं, आणि राग काही केल्या येईना. प्रयागबाईला तो आला. तिचा राग सोपानवर नव्हता.

पहिला हप्ता यायला वर्ष होतं. ज्येष्ठात घरातले दाणे संपले. एके दिवशी सकाळी प्रयागबाईनं भाकरी बांधली, खुरपं घेतलं आणि बायकांच्या टोळीबरोबर ती निघून गेली. पाटकरीणबाई म्हणून जिला गावात बसायला घोंगडं टाकत, ती बावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या बांधावर कामाला गेली. जोतीराम दारात उभा होता. "मी जातो की," तो म्हणाला. ती म्हणाली, "खुरपणीला पुरुषमानूस कोन घेतंय?" तेवढंच.

महिनाभर ती कुठं कुठं गेली. सोपानचं रान तिनं टाळलं. पण टोळीचा सौदा मुकादमीण ठरवायची, आणि एके दिवशी ती टोळी त्याच चार एकरांत उतरली. जोतीरामला दुपारी कळलं. दिवस मावळायच्या सुमाराला तो बांधापर्यंत गेला. पुढं जायचं धाडस झालं नाही.

बायका ओळीनं मजुरी घेत होत्या. सोपानची बायको द्वारकाबाई पैसे वाटत होती. प्रयागबाईपाशी आल्यावर ती कानकोंडी झाली. "काकी, तुमी सावलीत बसला असता तरी चाललं असतं," ती हळू आवाजात म्हणाली. तिनं सगळ्यांसारखेच बारा आणे दिले आणि आपल्या ओटीतले पाचसहा मोठे कांदे काढून प्रयागबाईच्या पदरात टाकले.

प्रयागबाईनं पदर झटकला नाही. ती खाली बसली, एक एक कांदा काढून बांधावर ओळीनं ठेवला. घाई केली नाही. "माझी खुरपायची वळ पुरी झालीया," ती म्हणाली. "बगून घे. कुठं गवत ऱ्हायलंय का?"

"न्हाई, काकी."

"मग बारा आणंच."

तिनं पैसे कनवटीला लावले, खुरप्याची माती बांधाला पुसली आणि निघाली. जोतीराम वाटेत उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, थांबली नाही, आणि तो चार पावलं मागं राहून तिच्याबरोबर घरी चालू लागला.