तिसऱ्या ओळीतला श्वास

तिसऱ्या ओळीच्या ऐन मध्यावर ती थांबली, श्वास घेतला, आणि काकांनी त्या फटीत पियानोवर नेहमीचे तीन सूर सोडले.

"वा!" मागच्या टेबलापाशी बसलेल्या मॅनेजरने टाळी वाजवली. "डोळे मिटले की साक्षात बाईच उभ्या राहतात."

दुपारचा हॉल रिकामा होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. दाराशी शनिवारच्या कार्यक्रमाचं पोस्टर: आईचा फोटो आणि खाली 'तोच आवाज'. मुलीचा फोटो नव्हता. तो लागणार तरी कशाला?

आई याच हॉलमध्ये बावीस वर्षं जॅझ गायली. तिला जाऊन आठ महिने झाले होते. नऊ वर्षं परगावी राहिलेली मुलगी परत आली ती आवराआवर करायला, आणि आईचा हिरवा झगा कमरेत आवळून आईच्या जागी उभी राहिली. आईचीच पट्टी, तालाच्या किंचित मागून शब्द सोडण्याची तीच लकब. महिन्यापूर्वी तिने एक गाणं वरच्या पट्टीत घेऊन शेवट आपल्या मनाने फिरवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पाहुण्यांना वाजवतात तशा. जाताना एका म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला. "आज आई नव्हती गं तुझ्यात," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तिने मनाचं काही केलं नव्हतं.

मॅनेजर फोन घ्यायला बाहेर गेला. तिने ग्लासातलं पाणी संपवलं.

"काका, एक विचारू? तिथे श्वास घेतला की शब्द मधोमध तुटतो. आईने असं का बसवलं असेल?"

"तुला कुणी सांगितलं तिथे थांबायला?"

"रेकॉर्डने. या गाण्याची एकच तर आहे. शंभरदा ऐकून घोटलंय मी."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो स्वच्छच होता.

"बसवलं तेव्हा ती ओळ सलग होती. नंतर तिला श्वास पुरेना. रेकॉर्डिंगला तीनदा तिथेच दम तुटला. मी म्हटलं, बये, थांब तिथे खुशाल, मी झाकतो. ते तीन सूर झाकणाचे आहेत."

"म्हणजे तेव्हापासून तिला दम लागायचा?"

"त्याच्याही आधीपासून. 'पोरीला कळलं तर तुला पियानोला हात लावू देणार नाही,' असा दम दिला होता मला. दम नव्हता, तरी दम द्यायची." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

ती झग्याच्या कमरेची टीप नखाने उसवत राहिली. रविवारी फोनवर आई बोलता बोलता म्हणायची, "थांब हं, दूध उतू जातंय वाटतं." मग बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. कधी दोनदा, कधी तीनदा. मुलगी तिकडे फोन कानाला लावून आपली कामं उरकायची.

एकट्या बाईच्या घरात एवढं दूध कशाला लागेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"मग आठ महिने तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू श्वास घ्यायचीस," काका खाली बघत म्हणाले, "तेव्हा मला वाटायचं, ती आहे."

मॅनेजर हात चोळत परत आला. "चला, पहिल्यापासून एकदा. शनिवारी एवढंसुद्धा इकडचं तिकडे नको."

काकांनी सुरुवात वाजवली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी ओळ मध्यावर आली तेव्हा सवयीने काकांचा उजवा हात उचलला गेला. ती थांबली नाही. शब्द अखंड पुढे गेला. तो हात क्षणभर पट्ट्यांवर तसाच तरंगला आणि मग काकांनी तो मांडीवर ठेवला.

"अहो, तिथे थांबायचं राहिलं ना?" मॅनेजर मागून ओरडला.

ओळ संपली होती, आणि तिच्या छातीत अजून श्वास उरला होता. तो कुठे ठेवावा, ते तिला कळेना.