गुरुदत्तांची कोरफड

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहायला आल्यापासून गुरुदत्त सबनीस स्वतःला आयुर्वेदातले जाणकार समजू लागले होते. उभा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत खरेदी खातं सांभाळण्यात गेलेला. पण मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना वात-पित्त शिकवू लागले. विद्वत्तेचा पुरावा म्हणजे बाल्कनीतली कोरफड. तिची पात त्यांनी कधी कापली नाही, कुणाला कापूही दिली नाही. पिल्लांवर पिल्लं फुटून कुंडीला तडा गेला होता. उत्तरा, त्यांची बायको, म्हणे की पिल्लं वेगळी करू या, नाहीतर सगळंच कुजेल. त्यावर, औषधी वनस्पतीतलं तुला काय कळतं, हे ठरलेलं उत्तर. रोज तांब्याभर पाणी मात्र ते भक्तिभावाने ओतत. कोरफडीला इतकं पाणी सोसत नाही, हे व्हिडिओवाल्याने सांगितलं नसावं.

एका रविवारी त्यांनी फिरायला येणाऱ्या प्रभाकर कर्णिकांना ताजा रस प्यायला बोलावलं. हातभर पात तोडली आणि सालीसकट मिक्सरमध्ये घालू लागले. उत्तराने बजावलं, आधी पात उभी ठेवून पिवळा चीक निथळू द्या, साल काढा, चीक पोटात गेला तर जुलाब होतात. माहेरी डोंबिवलीला तिने हे लहानपणापासून पाहिलं होतं. गुरुदत्त पाहुण्यांकडे बघून हसले.

"अगं, सगळं सत्त्व त्या चिकातच असतं."

प्रभाकरांनी तोंड वाकडं करत पेला संपवला. गुरुदत्तांनी वर आणखी अर्धा घेतला.

संध्याकाळी प्रभाकरांच्या बायकोचा फोन आला. माफी उत्तरानेच मागितली, कारण ज्याने मागायची तो बाथरूममधून बाहेर येऊ शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी विद्वान पलंगावर आडवे होते. उत्तराने कुंडी उलटी केली. बुंधा काळा पडून लिबलिबीत झाला होता. तिने चांगली पिल्लं मुळांसकट सोडवली आणि सावलीत सुकत ठेवली. आतून क्षीण आवाजात सूचना येत होत्या, लगेच पाणी घाल म्हणून. तिने ऐकल्यासारखंही दाखवलं नाही. जखमा सुकल्यावर वाळू मिसळलेल्या मातीत पिल्लं लावून टाकली.

फिरायला येणाऱ्यांपैकी कुणी ती घेईना. सबनीसांची कोरफड म्हटलं की लोक हसून पुढे जात. शेवटी मानपाड्याची भावना भोईर, उत्तराची मैत्रीण, गाडी घेऊन आली आणि बंगल्याच्या कुंपणाशी लावायला एक सोडून सगळी घेऊन गेली. बरे झाल्यावर गुरुदत्त लिफ्टमध्ये सांगू लागले की आपण औषधी रोपं दान केली.

घरी एकच पिल्लू उरलं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत. एका सकाळी गुरुदत्त त्याची पात चाचपायला गेले.

"अहो, लांबूनच बघा," उत्तरा कणीक मळता मळता म्हणाली. "तुमचं ज्ञान बघण्यापुरतंच आहे."

ते हॉलमध्ये जाऊन पेपर उघडून बसले.